सहा तारांच्या बाई

रिक्षावाल्याला आपण काय विचारतो? "येणार का?" पुण्यात या प्रश्नाचं उत्तर मानेच्या एका झटक्यात मिळतं आणि ते काय असतं हे सांगायला नको. आमच्या बाई मात्र रिक्षापाशी जाऊन, चष्मा नाकावर नीट बसवून, परीक्षेतला प्रश्न वाचून दाखवावा तसं विचारायच्या, "किती येणार?"

"मीटरनं."

"पैशांचं नाही विचारत. तुमची यायची इच्छा किती आहे?"

मी शेजारी उभा होतो म्हणून सांगतो, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. रिक्षावाल्याने आधी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बाईंकडे. आणि म्हणाला, "बाई, मी येतो तेव्हा अख्खा येतो. नाहीतर येत नाही."

बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी पिशवीतून वही काढली आणि ते वाक्य तिथेच फूटपाथवर उभं राहून लिहून घेतलं. तेवढ्यात रिक्षा निघून गेली. अख्खी.

बाई माणसांशी बोलून त्यांच्या मनावर उपचार करायच्या. औषधं द्यायच्या नाहीत, ते डॉक्टरांचं काम. त्यांच्याकडे येणारे सगळे त्यांना मॅडम म्हणत. मी एकटाच बाई म्हणायचो, कारण त्यांच्यासमोर बसलं की आपली वही अपुरी आहे असं वाटायचं. वय पंचावन्नच्या पुढेमागे, कडक इस्त्रीची सुती साडी, हातात पुरुषी मोठं घड्याळ. घड्याळ वडिलांचं होतं. ते पोस्टात होते आणि बाईंच्या मते त्यांनी आयुष्यात एकच चैन केली, ती हे घड्याळ.

त्यांची जागा कसबा पेठेत, तांब्याच्या भांड्यांच्या दुकानावर. पाटीवर फक्त नाव आणि वेळ. बाई काय करतात ते पाटी सांगत नसे. त्यामुळे निम्मे लोक बंबाची किंमत विचारायला जिना चढून वर यायचे. आणि बाईंकडे आलेले निम्मे लोक, वरून उतरताना कुणी ओळखीचं दिसलं तर काय घ्या म्हणून, खाली थांबून एखादं भांडं घ्यायचे. हातात तांब्या असला की कसब्यात यायचं कारण कुणाला सांगावं लागत नाही. पहिल्या महिन्यात मी दोन तांबे आणि एक फुलपात्र घरी नेलं. आई म्हणाली, "अरे, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेस ना तू? भांड्यांचा नाद कधीपासून लागला?"

खालचे दुकानदार सगळ्यांचे तांबटकाका. दिवसभर भांडं मांडीत धरून हातोडीने ठोकत असायचे. ठोकून ठोकून तांब्यावर ते चमकते गोल ठसे उठवायचे, त्याला मठारणं म्हणतात. तो आवाज वर जसाच्या तसा यायचा. नवा माणूस हमखास तक्रार करायचा, "मॅडम, इथे शांतता नाही."

"तुमच्या डोक्यात आहे का?" बाई विचारायच्या. "किती आहे?"

या काकांनीच बाईंची ती सुप्रसिद्ध मण्यांची पाटी बनवली होती. एक लाकडी चौकट, त्यात सहा आडव्या तांब्याच्या तारा, प्रत्येक तारेत एक लाकडी मणी. लहान मुलांच्या मणी मोजायच्या पाटीसारखीच, फक्त दर तारेला एकेक मणी. पहिली तार भीतीची, दुसरी उदासीची, तिसरी रागाची, चौथी माणसांपासून लांब राहण्याची, पाचवी सगळं चोख असण्याच्या हट्टाची आणि सहावी भासांची आणि संशयाची. मणी डावीकडे तर ती गोष्ट थोडी, उजवीकडे तर फार. समोर बसलेल्याने आपले मणी आपण सरकवायचे. सहाव्या तारेवरचा मणी फार उजवीकडे गेला, किंवा माणूस सरकवत नाही पण तो जायला हवा असं बाईंना वाटलं, की त्या आधी फोन उचलून एका डॉक्टरांना सांगायच्या, "एकाला पाठवतेय, आजच बघा." त्यात चेष्टा नसे.

पाटी तयार होऊन आली तेव्हा बाई काकांवर जाम भडकल्या होत्या म्हणे. मणी लाकडावर आपटून चौकट फुटेल म्हणून काकांनी, न विचारता, प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांच्या जरा अलीकडे डाखाचा, म्हणजे भांडं सांधायच्या वितळलेल्या धातूचा, एकेक थेंब सोडला होता. त्यामुळे मणी ना पार डावीकडे जाई, ना पार उजवीकडे. "मी सांगितलं होतं का हे?" बाईंनी विचारलं. काका म्हणाले, "ताई, भांड्याचं काम आहे. टोकाला जागा सोडावी लागते, नाहीतर काहीतरी फुटतं."

बाई पाटी घेऊन वर गेल्या. तासाभराने खाली आल्या आणि म्हणाल्या, "राहू दे थेंब. तुमचं बरोबर आहे."

तेव्हापासून कुणी म्हणालं, "मॅडम, मला अजिबात राग येत नाही," की बाई पाटी पुढे करायच्या. "सरकवा डावीकडे. बघू जातो का शेवटपर्यंत." जात नसे. आणि "माझं सगळंच संपलंय" म्हणणाऱ्याचा मणीही उजवीकडे थोडा अलीकडेच अडायचा. त्या उरलेल्या बोटभर तारेकडे एक माणूस दहा मिनिटं टक लावून बसला होता, असं त्यांनी एकदा मला सांगितलं. त्याचं नाव सांगितलं नाही, आजाराचं तर नाहीच नाही.

कारण आजाराचं नाव बाईंच्या जागेत निषिद्ध होतं. आणि मी नेमका तेच घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. गल्लोगल्ली सायबर कॅफे होते, आणि अमेरिकेतल्या बाजाराला शिंक आली की आमच्या मजल्यावरच्या दहा खुर्च्या रिकाम्या होत. माझा प्रोग्राम चालायचा. मी चालायचो नाही. परदेशातल्या ग्राहकाशी टेबलावरच्या फोनवरून बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटायची, आणि मी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून उभा राहायचो. आमचा मॅनेजर हा सरळ बोलणारा माणूस. त्याने सांगितलं, "दोन महिन्यांनी ग्राहक इथे येतोय. डेमो तू द्यायचा, तुझंच काम आहे ते. दिलास तर टीम तुझी. नाही दिलास तर तुला बेंचवर, म्हणजे बिनकामाचं, बसवावं लागेल, आणि सध्या बेंचवरचे लोक कुठे जातात ते तुला दिसतंय."

मी सायबर कॅफेत जाऊन एक प्रश्नावली भरली. वीसपैकी सतरा गुण मिळाले. शाळेनंतर इतके प्रथमच. खाली ठळक अक्षरांत निदान आलं. ते छापून घेतलं, पारदर्शक फोल्डरमध्ये घातलं आणि बाईंच्या समोर ठेवलं. माझा बेत साधा होता: बाईंनी त्याच नावाचं प्रमाणपत्र द्यावं, ते मी मॅनेजरला द्यावं, डेमो दुसऱ्या कुणीतरी द्यावा.

"मला सोशल फोबिया आहे," मी म्हणालो.

"किती?"

"म्हणजे... आहे."

"किती ते विचारलं."

"पूर्ण."

"पूर्ण असता तर जिना चढून आला नसतात." बाईंनी माझा कागद फोल्डरमधून काढला, उलटा केला, आणि पाठकोऱ्या बाजूवर माझं नाव लिहून मुद्दे काढायला सुरुवात केली. पाठकोऱ्या कागदाची त्यांना हाव होती. माझं निदान त्यानंतर मला पुन्हा कधी दिसलं नाही. "कंपनीत कसे जाता?"

"बसने. कंपनीची बस. दीड तास लागतो."

"दीड तास काय करता?"

"गोष्टी सांगतो."

बाईंचं पेन थांबलं. "कुणाला?"

"सगळ्यांना. चाळीसेक जण असतात. आमच्या गल्लीतले लोक, त्यांच्या नकला... ड्रायव्हर सिग्नल सुटला तरी गाडी सोडत नाही, मागचे हॉर्न वाजवतात."

"चाळीस लोकांसमोर नकला करता, आणि तुम्हाला माणसांची भीती वाटते."

मला पहिल्यांदाच माझ्या आजाराचा राग आला. तो मला तोंडघशी पाडत होता.

"फोनच्या आधी काय करता?" बाईंनी विचारलं.

"तयारी."

"किती?"

"सगळी वाक्यं लिहून काढतो. एखादं चुकलं की पान फाडून पुन्हा."

"सगळी म्हणजे?"

"सगळी. 'हॅलो'सुद्धा."

"'हॅलो' लिहून काढता?"

"दोन प्रकारे."

बाईंनी पाटी पुन्हा माझ्यापुढे सरकवली. भीतीचा मणी मी आल्या आल्याच तावातावाने उजवीकडे लोटला होता. तो मीच हळूच मध्यावर आणला. मग माझी नजर पाचव्या तारेवर गेली. सगळं चोख असण्याचा हट्ट. तो मणी मी सरकवला आणि तो टक् करून काकांच्या डाखावर आपटला. खालून त्याच क्षणी हातोडीचा आवाज आला. मला तो योगायोग फार आवडला, बाईंना नाही. त्या म्हणाल्या, "ते दिवसभर ठोकतात. त्यात विशेष काही नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजही बाईंच्या आवाजात ऐकू येतं, कारण आवाज चढउतार न करता, वाण्याला यादी सांगावी तसा होता. "तुमच्या कागदावरच्या नावाप्रमाणे चालले असते तर मी तुम्हाला माणसांत मिसळायला लावलं असतं. तुम्ही बसमध्ये आणखी दोन नकला केल्या असत्यात आणि डेमोच्या दिवशी नळ सोडून उभे राहिला असतात. माझ्याकडे एक बँकेतले गृहस्थ येतात, ते दिवसभर हात धुतात. एक मुलगी येते, तिचा प्रबंध चार वर्षं लिहून तयार आहे आणि ती तो देत नाही. तुम्हा तिघांची नावं पुस्तकात तीन वेगळ्या पानांवर आहेत. मणी एकाच तारेवर अडकलाय. मी तिघांना एकच गृहपाठ देते."

"काय?"

"चुकायचं. रोज एकदा, चारचौघांत, जाणूनबुजून."

मला वाटलं, बाईंनाच कुणाला तरी दाखवायची वेळ आली आहे.

बाई आधी सरकारी इस्पितळात होत्या. तिथे एक मोठं रजिस्टर असे आणि त्यात आजाराच्या नावाचा एक रकाना. एक माणूस तिथे वर्षानुवर्षं राहायचा. डॉक्टर बदलले की रकान्यातलं नाव बदलायचं. तीन डॉक्टर, तीन नावं. "माणूस तोच, घोंगडी तीच, खिडकीही तीच," बाई म्हणायच्या. "नाव बदललं की औषध बदलायचं. त्याला कुणी विचारलं नाही की बाबा, तुला काय किती होतंय." म्हणून त्यांनी स्वतः विचारायला सुरुवात केली आणि त्याच रजिस्टरात, रकान्यात नाव न लिहिता, रेघा ओढून त्यावर ठिपके काढू लागल्या. वरिष्ठांनी समज दिली. बाईंनी राजीनामा दिला. पुढे पोस्टाने येणाऱ्या परदेशी मासिकांत त्यांना दिसलं की तिकडेही काही लोक आता असंच म्हणू लागलेत, की आजार म्हणजे वेगवेगळे डबे नव्हेत, कमीजास्त होणाऱ्या रेघा आहेत. त्याचा त्यांना आनंद झाला का? "झाला," बाई म्हणाल्या. "बेताचा."

असो. गृहपाठ.

पहिली चूक बाईंनीच ठरवून दिली. कसब्यातल्याच एका देवळाच्या दारात उभं राहायचं आणि येणाऱ्या माणसाला त्याच देवळाचा पत्ता विचारायचा. मी घामाघूम होऊन एका टोपीवाल्या आजोबांना विचारलं. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"मागे वळा," ते म्हणाले. मी गोंधळून तसाच उभा राहिलो. "अहो, तुम्ही वळा. देऊळ नाही वळायचं."

मी मेलो नाही. हे मी बाईंना फार अभिमानाने सांगितलं. त्यांनी मला मणी केसभर डावीकडे न्यायला लावला आणि म्हणाल्या, "आता तुमच्या तुम्ही चुका."

पुढच्या आठवड्यात मी काय केलं असेल? मी चुकांचं वेळापत्रक केलं. कंपनीत बसून, रकाने आखून: दिवस, स्थळ, चुकीचा प्रकार, अपेक्षित प्रतिक्रिया, शेरा. सोमवारी दोन पायांत दोन रंगांचे मोजे. मंगळवारी बैठकीत पेन पाडणे. पेन कोणत्या हातातून पडलं तर सहज वाटेल याची घरी आरशासमोर सहा वेळा तालीम. बुधवारी मेलमध्ये एक शब्द चुकवणे. कोणता, ते ठरवायला पाऊण तास लागला. सगळा तक्ता रंगीत छापून बाईंना नेऊन दिला.

बाई तो तक्ता वाचत होत्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. हसता हसता चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि जिन्यापाशी जाऊन खाली हाक मारली, "अहो काका, वर या! या गृहस्थांनी चुकासुद्धा मठारून आणल्यात!"

काका हातोडी घेऊनच वर आले. तक्ता पाहिला. म्हणाले, "अक्षर सुंदर आहे."

हसण्यावारी गेलं, पण दिवस जात होते आणि माझा मणी त्या केसापुढे हलत नव्हता. डेमोला तीन आठवडे राहिले तेव्हा माझा धीर सुटला. मी बाईंना म्हणालो, "मला प्रमाणपत्र द्या. मला नाही जमणार." कंपनीचा एक छापील फॉर्म होता, त्यात चौकट होती: आजाराचे नाव. बाईंनी फॉर्म घेतला, भरला, सही केली, पाकिटात घालून दिला. मी न उघडता तो दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या टेबलावर ठेवला.

त्याने पाकीट उघडलं आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्या चौकटीत बाईंनी बारीक अक्षरांत सहा रेघा ओढल्या होत्या, प्रत्येकीसमोर तिचं नाव, प्रत्येकीवर एक ठिपका. खाली एक ओळ: "हे सगळ्यांना असते. यांना पाचवे सध्या जास्त आहे."

मॅनेजर बराच वेळ वाचत बसला. मग त्याने खिशातलं पेन काढलं, आणि मला वाटलं सही करतोय, तर तो त्या रेघांवर स्वतःचे ठिपके काढत होता. "राग," तो पुटपुटला. "माझा इथे येईल. बायकोला विचारलं तर इथे." त्याने ठिपका आणखी उजवीकडे सरकवला. मग भानावर येऊन माझ्याकडे पाहिलं. "हे बघ, यात मीही आहे. यावर तुला सूट द्यायची तर अख्ख्या मजल्याला द्यावी लागेल. डेमो तूच देणार." फॉर्म त्याने मला परत दिला नाही. स्वतःच्या खणात ठेवला.

त्या दिवशी मी बस सोडून रिक्षाने थेट कसब्यात गेलो आणि बाईंशी भांडलो. म्हणजे मी भांडलो, बाई ऐकत होत्या. एक शब्द लिहिला असता तर काय बिघडलं असतं, असं मी ओरडून विचारलं. खालची हातोडी थांबली.

बाईंनी वडिलांचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "आमच्या आजोबांना गावात एका शब्दात ओळखायचे," त्या म्हणाल्या. "तो एक शब्द कळला की पुढे काही विचारायची कुणाला गरज वाटायची नाही. त्यांना गाता येतं का, राग येतो का, पाढे पाठ आहेत का. पाठ होते, तीसपर्यंत. कुणी विचारलं नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली आणि तो शब्द टाकला. टाकला तरी लोक विसरायला तयार नव्हते. बाबा नोकरीला लागले तेव्हाही साहेबाच्या फायलीत तो त्यांच्या आधी जाऊन बसला होता." त्यांनी घड्याळ पुन्हा हातात घातलं. "तुमच्या शब्दाची आणि त्या शब्दाची बरोबरी नाही. तुमचा तुम्ही हौसेने छापून आणलात. पण फाईल माणसापेक्षा जास्त जगते, एवढं मला माहीत आहे. काहींना नावाने धीर येतो, त्यांना डॉक्टर देतात नाव, देऊ देत. तुम्हाला लपायला हवं होतं. त्यासाठी माझी सही मिळायची नाही."

खाली हातोडी पुन्हा सुरू झाली.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"तो तक्ता फाडा. पहिल्या वाक्यात चुका. एकदा चुकलात की सांभाळायला काही उरत नाही, मग काम बोलेल."

तक्ता फाडला. खोटं कशाला सांगू, त्यातली एक ओळ मनात ठेवली होती: उभं राहिल्यावर पेन पाडायचं. उजव्या हातातून.

डेमो सकाळी दहाला होता. ग्राहक म्हणजे एक उंच, थकलेला माणूस, आदल्याच दिवशी विमानातून उतरलेला. मी उभा राहिलो. पेन पाडायचं हे साफ विसरलो, तोंड उघडलं आणि सकाळी दहा वाजता, पडदे उघडे असलेल्या खोलीत, खणखणीत आवाजात म्हणालो, "गुड इव्हनिंग."

मॅनेजरने डोळे मिटले. मी दाराकडे पाहिलं. स्वच्छतागृह बावीस पावलांवर होतं, मला पाठ होतं. तेवढ्यात त्या माणसाने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, ते त्याने अजून इथल्या वेळेला लावलंच नव्हतं, आणि म्हणाला, "माझ्याकडे संध्याकाळच आहे. थँक यू." सगळे हसले. आणि मला ते हसणं ओळखीचं वाटलं. बसमधलं. पुढे दीड तास मी काय बोललो ते मला आठवत नाही, पण त्यात कुठेही वही नव्हती. टीम मला मिळाली.

संध्याकाळी पेढे घेऊन बाईंकडे धावलो. "झालं!" मी जिन्यातूनच ओरडलो.

"किती?" वरून आवाज आला.

पेढ्यांतला एक त्यांनी घेतला, अर्धा मोडून खाल्ला, उरलेला काकांना पाठवला. पाचव्या तारेवरचा मणी मी अर्धं बोट डावीकडे आणला. तेवढाच. दोन महिन्यांची कमाई अर्धं बोट, आणि मला ती पुरली.

त्या दिवशी मला जोर चढला होता. मी विचारलं, "बाई, तुमचे मणी कुठे असतात?"

मला वाटलं होतं हाकलतील. त्यांनी पाटी स्वतःकडे वळवली आणि चौथ्या तारेवरचा मणी उजवीकडे सरकवला. तो टक् झाला. माणसांपासून लांब राहणं. मग मला काही गोष्टी आठवल्या. काकांच्या मुलीच्या लग्नाला बाई आल्या होत्या, पण मांडवाच्या दाराशी उभ्या राहून त्यांनी अक्षता तिथूनच टाकल्या होत्या आणि पंगत बसायच्या आत निघून गेल्या होत्या. काका रोज चार वाजता चहा वर पाठवायचे. वीस पायऱ्या उतरून त्यांच्याबरोबर बसून तो प्यायला बाई कधी गेल्या नव्हत्या.

"दुसऱ्याचे मणी सरकतात," मी म्हणालो.

"दुसऱ्याला गृहपाठ देता येतो," बाई म्हणाल्या. "माझा कोण तपासणार? उठा, पुढचे आलेत."

मी उठलो आणि जाताना एक तांब्या घेतला. लपवायचं काही नव्हतं, पण सवय.

पुढे बरीच वर्षं गेली. बसमधल्या गोष्टी आधी कंपनीच्या स्नेहसंमेलनात गेल्या, मग बाहेर. पेठेतल्या एका शाळेच्या सभागृहात माझा एकट्याचा पहिला कार्यक्रम ठरला तेव्हा मी बाईंना पास नेऊन दिला. "हा तुमचा गृहपाठ," मी म्हणालो. "मी तपासणार." त्यांनी पास उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. ठेवून घेतला.

पडदा उघडला तेव्हा त्या दिसल्या. शेवटची रांग, दाराजवळची खुर्ची, एक पाय जवळपास बाहेर. मध्यंतरानंतर खुर्ची रिकामी होती. दुसऱ्या दिवशी मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "निम्मी आले होते. तेवढंच लिहा." आणि चौथा मणी त्यांनी माझ्यादेखत केसभर डावीकडे नेला.

तीन-चार महिन्यांनी त्याच सभागृहात दुसरा प्रयोग होता. मी पडद्याच्या फटीतून शेवटच्या रांगेत पाहिलं. दाराजवळच्या खुर्चीवर भलताच कुणीतरी. वाईट वाटलं. कार्यक्रम सुरू केला, आणि तिसऱ्याच गोष्टीत मला त्या दिसल्या: मधल्या रांगेत, बरोबर मधोमध. एका बाजूला तांबटकाका, पलीकडे पाच-सहा माणसं. दुसऱ्या बाजूला एक अख्खं कुटुंब, मांडीवर मूल घेतलेलं. तिथून उठायचं तर दहा माणसांना उठवावं लागलं असतं. बाई दोन्ही हातांनी पिशवी घट्ट धरून ताठ बसल्या होत्या. मध्यंतरात उठल्या नाहीत. मी शेवटची गोष्ट संपवली तेव्हाही तिथेच होत्या.

मी रंग न पुसता बाहेर धावलो. बाई रिक्षात बसत होत्या, काका त्यांच्या शेजारी सरकून जागा करून घेत होते.

"बाई!" मी ओरडलो. "किती आलात?"

त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला.

"अख्खी," बाई म्हणाल्या, आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चला." त्याला मात्र काही विचारलं नाही.